मदत हवी आहे: मेडिकल कॉलेजच्या रिसर्च डेटासाठी सेंट्रल स्टोरेज कसं उभं करावं?

नमस्कार. मी एका ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजात रिसर्च सेलचं काम बघते. शिक्षण संख्याशास्त्राचं, पण डेटा म्हटलं की सगळे माझ्याच टेबलाशी येतात. आता डीन सरांनी सांगितलंय की सगळ्या डिपार्टमेंटचा रिसर्च डेटा एका जागी राहील अशी सोय करा, प्रपोजल द्या, मग मॅनेजमेंटपुढे ठेवू. आयटीत दोनच मुलं आहेत, कष्टाळू आहेत पण ओपीडीचं बिलिंग आणि नेटवर्क सांभाळतानाच त्यांचा दिवस संपतो, म्हणून इथल्या जाणकारांना विचारतेय.

आत्ता काय चाललंय ते आधी सांगते. रेसिडेंटचा थिसिसचा डेटा त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर एक्सेलमधे, एक कॉपी गाइडच्या पेनड्राइव्हवर, एक व्हॉट्सॅपवर. तीन वर्षं झाली, एमडी झाला, मुलगा गेला की डेटा पण गेला. मधे सर्जरीच्या एका मॅडमना जुन्या थिसिसमधल्या डायबेटिक फूटच्या पेशंटचा फॉलोअप पुढे न्यायचा होता, तर लायब्ररीत बांधलेली प्रत मिळाली, मागे मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटच्या नोंदींचा तक्ता) आहे, पण जखमेच्या ग्रेडच्या रकान्यात नुसते १, २, ३ असे आकडे आणि चार्टची की छापलेलीच नाही. मग तो १ म्हणजे बरी जखम की वाईट, कोण सांगणार? ते पेशंट लांबून एसटीने येऊन, पाय सुजलेले असताना रांगेत बसून फॉर्म भरून गेलेत हो. त्यांनी दिलेली माहिती अशी वाया जावी हे मला खरंच सहन होत नाही.

आकाराचं म्हणाल तर एक्सेल फायली काहीच नाहीत. पण पॅथॉलॉजीत स्लाइड स्कॅनर आलाय, एक स्लाइड ४० एक्सला (४० पट मोठी करून) स्कॅन केली की एक-दोन जीबी सहज, आणि जेनेटिक्सवाले बाहेरून सिक्वेन्सिंग करून आणतात तेव्हा एका माणसाचा होल जीनोम (पूर्ण डीएनए) ३० एक्स कव्हरेजला, म्हणजे प्रत्येक भाग सरासरी ३० वेळा वाचून, फास्टक्यू आणि बॅम या दोन्ही प्रकारच्या फायली धरून शंभर जीबीच्या वर जातो, तो कुरियरने हार्ड डिस्कवर येतो आणि डिस्क कपाटात. कॉलेजचं गूगल वर्कस्पेस आहे, पण फुकटच्या एज्युकेशन प्लॅनला २०२२ पासून सगळ्या संस्थेला मिळून १०० टीबीची मर्यादा आहे, त्यात सगळ्यांचे मेल आणि लेक्चरचे व्हिडिओ पण आले.

तर विचारायचं हे की स्वतःचं नॅस (नेटवर्कवर जोडलेला डिस्कचा डबा) घ्यावं का क्लाउड, आयटीत दोनच माणसं असताना झेपेल असं काय, पेशंटची ओळख कशी काढायची, आणि मुख्य म्हणजे डेटा संस्थेकडे राहील हे कशाच्या जोरावर घडवून आणायचं, कारण नुसतं मशीन आणलं म्हणून कोणी त्यावर डेटा ठेवत नाही हे मला दिसतंय.

सर्व्हररूम:
ताई, पुण्यात एका रिसर्च इन्स्टिट्यूटमधे सिस्टिम ॲडमिन आहे. व्हेंडर येईल आणि म्हणेल रेड ६ (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) आहे, दोन डिस्क गेल्या तरी चालतं, बॅकअपची गरज नाही. अजिबात ऐकू नका. रेड म्हणजे गाडीतली स्टेपनी, गाडीच चोरीला गेली तर स्टेपनी काय कामाची. कोणी चुकून फोल्डर उडवला किंवा रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर रेड ते इमानदारीत सगळ्या डिस्कवर लिहून टाकतं.

नोव्हेंबर २०२२ मधे दिल्लीच्या एम्सचं काय झालं आठवा. पाच सर्व्हर, साधारण १.३ टीबी डेटा एनक्रिप्ट झाला असं सरकारने संसदेत सांगितलं, आणि कित्येक दिवस ओपीडीची नोंदणी हाताने कागदावर चालू होती. त्यातलं एक कारण सांगितलं गेलं ते म्हणजे नेटवर्कचे नीट भाग पाडलेले नव्हते. म्हणून रिसर्च स्टोरेज हॉस्पिटलच्या बिलिंगच्या नेटवर्कवर बसवू नका, वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा) पाडा, आणि प्रत्येकाच्या पीसीवर झेड ड्राइव्ह म्हणून कायमचा जोडून ठेवू नका.

माझं मत, तुमच्या आकाराला दोन नॅस, दोन वेगळ्या बिल्डिंगमधे. झेडएफएसवालं (झेडएफएस ही डिस्कवर फायली ठेवायची पद्धत) काहीतरी घ्या, ट्रूनॅस हे नॅसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चेकसम तपासतं, म्हणजे फाइल आपोआप बिघडली का ते बघतं, आणि स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या फायलींची गोठवलेली स्थिती) रीड-ओन्ली राहतात, म्हणजे आज फायली खराब झाल्या तरी कालच्या परत मिळतात. तिसरी कॉपी क्लाउडच्या आर्काइव्ह टियरला (क्वचित लागणाऱ्या डेटाच्या कप्प्यात), मुंबई किंवा हैदराबाद रीजनमधे, एनक्रिप्ट करूनच. तिथे ठेवणं स्वस्त पण काढून घेणं महाग, म्हणून रोजच्या कामासाठी नाही. आणि दर काही महिन्यांनी एक फोल्डर खरोखर रिस्टोर करून बघा, त्याशिवाय बॅकअप आहे असं म्हणू नका. बजेटमधे यूपीएस, एसी, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) आणि दोन-चार जादा डिस्क धरा, नाहीतर पुढच्या वर्षी एक डिस्क गेली की परचेस कमिटीची फाइल फिरेपर्यंत दुसरी जाते.

क्षकिरण:
रेडिओलॉजीतून लिहितोय. ओळख काढण्याबद्दल खूप कळकळीने सांगतो. फाइलचं नाव बदललं म्हणजे झालं असं आमच्यातल्याच कितीतरी जणांना वाटतं, पण डायकॉमच्या (सीटी, एमआरआयच्या चित्रांच्या फायलींचा प्रकार) हेडरमधे पेशंटचं नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल नंबर सगळं आत असतं. ऑर्थँक हा फुकट डायकॉम सर्व्हर आहे, तो हेडर साफ करून देतो. तरी सोनोग्राफीत नाव चित्रावरच छापलेलं असतं, ते हेडर साफ करून जात नाही, पिक्सेलवर काळी पट्टीच मारावी लागते. ब्रेनच्या पातळ सीटीवरून चेहरा उभा करता येतो हे पण लक्षात घ्या. स्टडी आयडी आणि खरा हॉस्पिटल नंबर यांची जोडणारी यादी वेगळ्या जागी, वेगळ्या पासवर्डखाली ठेवा. त्याच फोल्डरमधे ठेवली तर बाकी सगळं केलेलं फुकट.

दूरदेशी:
अमेरिकेत एका युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या लॅबमधे आहे. इकडे स्टोरेज प्रोजेक्टच्या आणि प्रमुख संशोधकाच्या नावावर असतं, पोस्टडॉकच्या नावावर नसतं. माणूस गेला की त्याचा लॉगिन बंद, फोल्डर तिथेच. चालू काम वेगवान डिस्कवर, संपलेलं आर्काइव्हमधे. आणि २५ जानेवारी २०२३ पासून एनआयएचकडे (इकडची वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) ग्रँट मागताना डेटा कुठे ठेवणार, कसा शेअर करणार याचा प्लॅन सोबत द्यावाच लागतो, त्यामुळे लोक आधीच विचार करतात.

एक्सेल सोडवायचं असेल तर रेडकॅप बघा, रिसर्चचा डेटा फॉर्ममधे भरायचं सॉफ्टवेअर आहे. व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत २००४ मधे सुरू झालं, ना-नफा संस्थांना फुकट, फक्त करार संस्थेच्या नावाने करावा लागतो. त्यात १ म्हणजे काय हे फॉर्म बनवतानाच लिहावं लागतं आणि डेटा डिक्शनरी आपोआप तयार होते, कोणी कधी कुठला आकडा बदलला त्याची नोंद पण राहते. तुमच्या मास्टर चार्टचं दुखणं मुळातच जाईल. मोठ्या इमेज मात्र त्यात टाकू नका.

समिती_सदस्य:
एथिक्स कमिटीवर आहे, म्हणून तेवढंच. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या गाइडलाइनप्रमाणे कमिटीची कागदपत्रं अभ्यास संपल्यावर किमान ३ वर्षं, रेग्युलेटरी ट्रायल (औषधाच्या सरकारी मंजुरीसाठीची चाचणी) असेल तर ५ वर्षं ठेवायची. २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात संशोधनाला सवलत आहे पण अटींसकट, आणि सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मधे आलेत, बऱ्याच तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे, तेवढ्यात तयारी करा. पुढच्या अभ्यासात डेटा वापरायचा असेल तर संमतीपत्रकात ते आधीच, मराठीत, समजेल असं लिहिलेलं हवं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. रेसिडेंट जाताना नो ड्यूजचा कागद घेऊन लायब्ररी, होस्टेल, मेस सगळीकडे सह्या गोळा करत फिरतो ना? त्यात रिसर्च सेलचा एक रकाना वाढवा. डेटा, त्यातल्या आकड्यांच्या कोडची की आणि संमतीपत्रकांची यादी जमा झाली तरच सही. याला खर्च काहीच नाही.

(धागाकर्ती):
सगळ्यांचे मनापासून आभार. नो ड्यूजचा रकाना आमच्या मनात आलाच नव्हता, तो उद्याच डीन सरांपुढे मांडते कारण त्यासाठी मशीनची पण वाट बघायला नको, चालू बॅचपासून करता येईल. रेडकॅपच्या कराराचं पत्र रजिस्ट्रार ऑफिसमधून काढायला सांगते. @सर्व्हररूम, दोन बिल्डिंगमधे फायबर आहे, पण दुसरीकडे एसी फक्त दिवसा चालू असतो, तिथे नॅस ठेवला तर चालेल का? @समिती_सदस्य, डेटा जमा करण्याचा फॉर्म तुमच्याकडे असेल तर नमुना टाकाल का, आणि रेसिडेंटच्या सहीबरोबर गाइडची पण सही घ्यावी असं मला वाटतंय, कमिटीची त्याला हरकत असेल का?

सर्व्हररूम:
रात्री एसी नसेल तर तिथे नको ताई, उन्हाळ्यात डिस्क लवकर जातील. रात्रभर चालणारी खोली कुठली ते बघा, ब्लड बँकेच्या बाजूला बहुतेक मिळेल. जेनेटिक्सवाल्यांना फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरबद्दल पण सांगा, २०२२ पासून सिक्वेन्सिंगचा डेटा तिथे जमा करता येतो, एक कॉपी तिकडेही राहील.

समिती_सदस्य:
गाइडची सही घ्याच, हरकत कसली. आमचा फॉर्म एक पानी आहे, कॉलेजचं नाव काढून आज रात्री इथे टाकतो.