चानो पोसो : जॅझला केवळ ताल देणारा की रचना देणारा?

मूळ मत

हवानात १९१५ साली जन्मलेला काँगा (हाताने वाजवायचा उंच क्यूबन ढोल) वाजवणारा चानो पोसो डिसेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका बारमध्ये गोळी लागून गेला, तेव्हा तो अवघा ३३ वर्षांचा होता. त्याच्याविषयीचे बहुतेक लेखन या खुनाभोवतीच फिरते आणि त्याचे संगीत मागे पडते, याचे मला मनापासून वाईट वाटते. अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीच्या वाद्यवृंदाने ३० डिसेंबर १९४७ रोजी ध्वनिमुद्रित केलेली ‘मान्तेका’ ही रचना ऐकावी. स्वरलिपी वाचता न येणाऱ्या चानोने बासची, सॅक्सोफोनची आणि ट्रंपेटची ओळ तोंडाने गाऊन दाखवली आणि संगीत-संयोजक गिल फुलरने ती कागदावर उतरवली. ज्याच्या डोक्यात इतकी वाद्ये एकाच वेळी एकमेकांत गुंतून वाजत होती, त्याला ‘साथीचा तालवादक’ म्हणणे अन्यायाचे आहे. अफ्रो-क्यूबन जॅझचा, म्हणजे आफ्रिकी वळणाचे क्यूबन ताल आणि जॅझ यांच्या मिलाफाचा, पाया त्यानेच घातला.

प्रतिसाद १

शेवटच्या विधानाशी मी सहमत नाही. क्यूबन ट्रंपेटवादक मारियो बाउझा याने गायक माचितोच्या वाद्यवृंदासाठी ‘तांगा’ ही रचना १९४३ मध्येच उभी केली होती, म्हणजे चानो न्यूयॉर्कला येण्याच्या काही वर्षे आधी. शिवाय ‘मान्तेका’चा मधला सुरेल भाग गिलेस्पीचा आहे. तो जोडला नसता तर रचना पूर्णपणे क्यूबन वळणाचीच राहिली असती, असे गिलेस्पीचे म्हणणे होते, आणि त्या भागात लय स्विंगकडे, म्हणजे जॅझच्या झुलत्या चालीकडे, वळते हे कानाला स्पष्ट कळते. दोन परंपरांचा सांधा गिलेस्पी आणि फुलर यांनी जुळवला. चानोचे श्रेय मोठे आहे, पण ते वाटलेले आहे.

प्रतिसाद १ला उत्तर (मूळ मत मांडणारा)

‘तांगा’चा मान मी मान्य करतो आणि ‘पाया त्यानेच घातला’ हे शब्द मागे घेतो. मात्र चानोचे नाव गिलेस्पीला सुचवले ते बाउझानेच, हेही विसरू नये. आपल्याकडे जे जमलेले नाही ते या माणसाकडे आहे, हे त्या जाणत्या संगीतकाराने ओळखले असावे, असे मला वाटते. चानो अबाकुआ या पुरुषांच्या गुप्त पंथाचा सदस्य होता. आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमेलगतच्या प्रदेशातून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या परंपरेतून हा पंथ क्यूबात रुजला. जॅझ संगीतकार जॉर्ज रसेलच्या सहभागाने घडलेल्या ‘क्युबाना बी, क्युबाना बॉप’मध्ये चानोचे विधीगायन आणि काँगा मध्यभागी येतात, आणि भोवतीच्या आधुनिक स्वरसंवादांना त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. तिथे सांधा कोणी कोणाशी जुळवला?

प्रतिसाद २

आपण दोघेही चानोची कथा न्यूयॉर्कपासून सुरू करता, आणि म्हणूनच तो एकतर विधींच्या अरण्यातून थेट रंगमंचावर आल्यासारखा दिसतो, नाहीतर गिलेस्पीने घडवल्यासारखा. वास्तविक हवानाच्या कार्निव्हलमधील ‘लोस दांदिस दे बेलेन’ या मिरवणूक-पथकात त्याने नाव कमावले होते, आणि क्यूबन गायक मिगेलितो वाल्देसने गायलेले त्याचे ‘ब्लेन, ब्लेन, ब्लेन’ हे गीत ‘मान्तेका’च्या कितीतरी आधी क्यूबात लोकप्रिय झाले होते. गिलेस्पीकडे १९४७ मध्ये आला तो नावाजलेला गीतकार होता. वाद्यांच्या ओळी गाऊन दाखवणे ही अशिक्षित माणसाची अडचण नव्हती. त्याची अनेक वर्षांची कामाची पद्धतच ती होती.