सुटून आलेल्या भावाने माटोळी बांधावी की नाही?

वाळपईचो_झिलगो (धागा सुरू)

माझा थोरला भाऊ २०१४ मध्ये आत गेला. शिगम्याच्या रात्री वाड्यावर दारूच्या नशेत भांडण झालं, याने ढकललं, समोरचा पायरीवर आपटला आणि गेला. सदोष मनुष्यवध. आधी आग्वाद, २०१५ ला तो तुरुंग बंद झाल्यावर कोलवाळ. (ज्या आग्वादला आई भेटीसाठी ताटकळत उभी राहायची, तिथे आज संग्रहालय आहे आणि लोक सेल्फी काढतात. असो.)

२०२२ ला तो सुटला. तेव्हापासून आमच्याकडेच आहे. पूर्वी माटोळी (चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची चौकट) तोच बांधायचा. कांगलां, आंबाडे, तोरिंग आणायला दोन दिवस आधी रानात जायचा. यंदा काकांनी चवथीला सगळ्यांसमोर सांगितलं, "तू हात लावू नको." तो काही बोलला नाही. सुपारीचा घड खाली ठेवला आणि मागच्या पडवीत जाऊन बसला.

माझं मत सरळ आहे. सुटलेल्या माणसाला घरच्यांनी घ्यायलाच हवं, आणि घेतलं तर पूर्ण घ्यायला हवं. आत गेला तेव्हा तो ट्रक चालवायचा. बाहेर आला तर लायसन्सची मुदत संपलेली, आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद. म्हापशाला मासळी घ्यायला पाठवलं तर मासेवालीने स्कॅनरचा कागद पुढे केला, हा खिशातल्या नोटा मोजत उभा. हे सगळं शिकवायला कोणी सरकारी माणूस येत नाही. आम्हीच शिकवलं.

---

सत्तरीची_सून

दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण "घरच्यांनी" म्हणजे नेमकं कोणी? तुमच्या एवढ्या लांब पोस्टमध्ये वहिनी एकदाही आली नाही. भावाचं लग्न झालेलं नसेल तर माझे शब्द मागे घेते.

माझा नवरा पाच वर्षं आत होता. तेवढ्यात मी काजूच्या कारखान्यात लागले, दोन पोरांची शाळा सांभाळली, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. तो आला तेव्हा स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुठे असतो हेही त्याला ठाऊक नव्हतं, पण तिसऱ्या दिवशी पगार कुठे ठेवतेस ते विचारलं. सगळे मला म्हणाले, "सांभाळून घे, बिचारा भोगून आलाय." मी काय जत्रेत फिरत होते?

आधार द्यावा, नाही म्हणत नाही. पण तो "द्यायलाच हवा" असं म्हटलं की तो एका बाईच्या डोक्यावर येतो.

---

नोटरीच्या_दारात

दोघांच्या मधे थोडा कायदा टाकतो. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, निम्मी तिची. तेव्हा सूनबाई, त्या घरात तुम्ही कोणाच्या उपकारावर नाही. दुसरीकडे, इथे आईबापांना मनात आलं म्हणून मुलाला बेदखल करता येत नाही. निम्मी मालमत्ता वारसांसाठी राखीव, आणि बेदखल करायची कारणं कायद्याने ठरवून दिलेली. काकांना माटोळी अडवता आली, भावाचा वाटा अडवता येणार नाही. मात्र वाटा मिळाला म्हणजे घर मिळालं असं नाही. इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांतल्या वाटणीच्या, केसमध्ये भाऊ-भाऊ समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत नाहीत, हे रोज बघतो.

---

पेडणेकर_७२

शिक्षा झालेल्यांचंच बोलताय सगळे. देशातल्या कैद्यांत कच्चे कैदी किती? २०२२ च्या सरकारी आकडेवारीत ७५.८ टक्के. म्हणजे चारातले तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत. त्यांना घर लागतं ते सुटल्यावर नाही, सुटण्यासाठी. जामीन मंजूर होतो आणि जामीनदार मिळत नाही म्हणून माणूस आतच राहतो. आता २०२४ च्या जुलैपासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आहे: पहिलाच गुन्हा असेल आणि त्याला फाशी-जन्मठेप नसेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत आत काढल्यावर बंधपत्रावर सोडायचं, दुसरी केस चालू नसेल तर. गरीब कैद्यांच्या जामिनाला पैसे देणारी केंद्राची योजनाही २०२३ पासून आहे. पण कागद घेऊन वकिलाकडे, कोर्टात आणि कोलवाळला फेऱ्या कोण मारणार? ज्याचं इथे कोणी नाही, बिहारहून आलेला मजूर समजा, त्याचं नाव त्या योजनेच्या यादीत घालायला कोण जातं? म्हणून मी धागाकर्त्याच्या बाजूने, पण अर्धाच. घर नसलेल्यांची सोय सरकारनेच करायला हवी.

---

वाड्यावरची

मी हे लिहू की नको म्हणून दोन दिवस थांबले.

पायरीवर आपटून जो गेला त्याचंही घर असेल. चवथ त्यांचीही असेल. धागाकर्त्याने लिहिलं, "समोरचा". नाव द्यावं असं मी म्हणत नाही, पण एवढ्या मजकुरात तो अर्ध्या ओळीत संपला. आमच्या घरातला माणूस असाच गेला, दुसऱ्या गावात, दुसऱ्या भांडणात. ज्याने मारलं तो सुटून आला आणि बसस्टॉपवर समोर उभा असतो. मी एक बस सोडते, पुढची पकडते. त्याला घरच्यांनी घ्यावं, मला हरकत नाही. त्याने रस्त्यावर झोपावं असं मला कधीच वाटलं नाही. पण तुमच्या काकांनी हात लावू नको म्हटलं, त्यात त्यांना कोणाची तरी शरम वाटली असेल, असाही विचार करून बघा.

---

वाळपईचो_झिलगो

सूनबाईंना आधी: वहिनी आहे. २०१६ ला माहेरी, डिचोलीला गेली, परत आली नाही. मी तिला बोलावलं नाही कारण आईने नको म्हटलं. तिचा विचारच केला नाही हे खरं.

वाड्यावरच्या ताईंना काय लिहू कळत नाही. ज्याचा जीव गेला त्याची आई आमच्यापासून पाच घरं सोडून राहते. भाऊ आल्यापासून तो मागच्या वाटेने, कुळागरातून जातो, पुढच्या रस्त्याने कधीच नाही. मला वाटायचं की याला लोकांची लाज वाटते. काल विचारलं तर म्हणाला, "ती दारात बसलेली असते. तिने मला बघितलं की आत जावं लागतं तिला. म्हातारीला उठवायचं कशाला?"

काकांशी अजून बोललेलो नाही. माझं मत बदललेलं नाही, पण काकांवरचा राग थोडा उतरलाय.