कार्ताहेना स्वस्तात होतं, फक्त तटाच्या आत राहू नका

वर कोणीतरी लिहिलंय की कोलंबियातलं कार्ताहेना खिशाला परवडतच नाही. जुन्या शहराभोवतीच्या तटाच्या, म्हणजे दगडी भिंतीच्या आत हॉटेल घेतलं तर खरंय, पण आम्ही शेजारच्याच खेत्सेमानी वस्तीत हॉस्टेलला राहिलो, तिथून चालत दहा मिनिटांत जुन्या शहरात.

आणि बघायचं ते बरंचसं फुकटच आहे हो, स्पॅनिश लोकांनी बांधलेल्या तटावरून संध्याकाळी फिरायचं, तिथल्या कॅफेत महागडं ड्रिंक घ्यायची काही सक्ती नाही. सान फेलिपे किल्ल्याला मात्र तिकीट काढाच, त्यातले बोगदे भारी आहेत, सकाळी लवकर जा नाहीतर उन्हात भाजून निघाल.

खायला गाडीवरची आरेपा दे वेव्हो. मक्याच्या पिठाची पुरी तळायची, फुगली की बाहेर काढून चीर पाडायची, आत कच्चं अंडं ओतायचं आणि परत तेलात. एक खाल्ली की दुपारपर्यंत भूक नाही. (पहिल्या घासाला माझी जीभ भाजली!)

टॅक्सीला मीटर नसतो, बसायच्या आधीच भाडं ठरवा. आणि रंगीत झगे घालून फळं विकणाऱ्या पालेंकेरा बायकांचे फोटो फुकट नसतात, मी न विचारता काढला आणि मुकाट्याने पैसे काढून दिले.