तिसरी-चौथीच्या मुलांना सजीव हाताळायला द्यावेत का?

कढीपत्ता (शिक्षिका, जुळे सोलापूर)

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या आवारातील कढीपत्त्याच्या पानावर मुलांना मोहरीएवढी पिवळसर अंडी सापडली. ती फांदी पाण्याच्या बाटलीत खोचून आम्ही वर्गात ठेवली आणि वरून मच्छरदाणीचा तुकडा बांधला. बाहेर आलेली अळी काळपट-पांढरी, थेट पाखराच्या विष्ठेसारखी दिसत होती. एक मुलगा ती कागदाने झटकायला गेला, तेवढ्यात तिने पान कुरतडायला सुरुवात केली. पुढे कात टाकत टाकत ती हिरवीगार झाली. एका मुलीने बोटाने हळूच स्पर्श करताच तिच्या डोक्यामागून नारिंगी, दुभागलेली शिंगे बाहेर आली आणि उग्र वास सुटला. फुलपाखराच्या जीवनचक्राचा तक्ता त्याच भिंतीवर दोन वर्षे टांगलेला आहे, परंतु त्याविषयी मला आजवर एकाही मुलाने प्रश्न विचारला नव्हता. त्या महिन्यात मात्र रोज प्रश्न येत होते.

म्हणून माझे मत असे आहे की परिसर अभ्यासातील सजीवांविषयीचे पाठ आधी हातांनी आणि मग पुस्तकातून शिकवावेत. खर्चाची सबब मला पटत नाही. काचेचा पेला, ओले फडके, मूठभर ज्वारी आणि मूठभर हरभरा एवढ्यावर आठवडाभराचा अभ्यास होतो. आपल्याकडे घरोघरी रोज ज्वारीची भाकरी होते, तरी तो दाणा जिवंत असतो हे ऐकून माझ्या वर्गातील बहुतेक मुले चकित झाली होती.

दोनशिक्षकी (अक्कलकोट तालुका)

मॅडम, माझा विरोध कृतीला नाही, "आधी हात, मग पुस्तक" या क्रमाला आहे. आमच्या शाळेत चार इयत्तांना दोन शिक्षक आहेत. तिसरीची मुले पेल्याभोवती जमतात तेव्हा चौथीचे गणित थांबते, आणि ते पुन्हा कधी होणार याचे उत्तर माझ्याजवळ नसते.

दुसरे असे की नुसते पाहून ज्ञान होत नाही. मीही ज्वारी रुजवून दाखवली होती. नंतर वहीत बहुतेकांनी लिहिले, "ज्वारीने पाणी खाल्ले म्हणून कोंब आला." दाण्यात साठवलेले अन्न कोंबाला पुरते ही गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही, ती सांगावीच लागते, आणि आधी सांगितली तर मूल पाहताना नेमके काय पाहायचे हे जाणते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून प्रयोगांवर आधारलेला विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. तो सहावी ते आठवीसाठी होता, त्यामागे शिक्षकांची प्रशिक्षणे, मासिक बैठका आणि साहित्याचे संच होते, तरीही २००२ साली शासनाने तो बंद केला. आठ वर्षांच्या मुलांसाठी, यातले काहीही हाती नसताना, एकट्या शिक्षकाने तेच करावे अशी अपेक्षा धरणे मला अन्यायाचे वाटते.

पालक (होटगी रस्ता)

माझा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. माझ्या मुलाच्या शाळेत "निरनिराळी पाने आणा" असे सांगण्यात आले आणि त्याने माळावरील रुईचे पान तोडले. तोच हात डोळ्याला लागला, चीक आत गेला आणि आठवडाभर डोळ्याचे उपचार घ्यावे लागले. काय तोडू नये हे कोणीही सांगितले नव्हते. रुई, निवडुंग आणि गाजरगवत यांना हात लावायचा नाही, परतल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि डासांच्या अळ्या दाखवण्यासाठी साठवलेले पाणी त्याच दिवशी कोरड्या जमिनीवर ओतायचे, एवढे नियम लेखी असल्याशिवाय माझी संमती नाही.

कढीपत्ता

आपले नियम मी आजच वर्गात लावते. रुईच्या चिकाबाबत मी स्वतःही पुरेशी सावध नव्हते, हे मान्य करते.

सर, आपल्या मुद्द्यावर मात्र मला एक प्रसंग सांगावासा वाटतो. आमच्या तीन कोषांपैकी दोनांतून फुलपाखरे आली. तिसरा तपकिरी पडला, त्याला टाचणीने पाडावे तसे भोक दिसले आणि त्यातून मुंगीपेक्षाही लहान, पंख असलेले कीटक बाहेर पडू लागले. काही मुली रडल्या. एक मुलगा मात्र म्हणाला, "आमच्या डाळिंबाच्या बागेत पप्पा अळीसाठी कार्ड लावतात. त्यातून निघणारे किडे हेच का?" मला सांगता आले नाही. घरी शोधून दुसऱ्या दिवशी मी सांगितले की ते कीटक वेगळे. पप्पा लावतात ते ट्रायकोकार्ड, म्हणजे पिकावरील अळी रोखणारे बारीक कीटक सोडण्यासाठी बागेत टांगायचे कार्ड. त्यातले कीटक पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालतात, आणि हे कोषात घालतात, पण दोघांची रीत एकच. आधी पाठ शिकवला असता तर मुलांच्या मनात अंडी, अळी, कोष, फुलपाखरू ही चार चित्रे पक्की झाली असती आणि तो तिसरा कोष "बिघडलेला" म्हणून मीच खिडकीबाहेर टाकला असता.

दोनशिक्षकी

प्रसंग वाचून मी बराच वेळ विचार करत होतो. तरीही त्यातून माझेच म्हणणे पुढे येते. त्या मुलाजवळ कार्डाची माहिती आधीपासून होती, म्हणून त्याला तो प्रश्न सुचला. ज्यांच्याजवळ ती नव्हती त्या मुली रडल्या. आधीचे ज्ञान पुस्तकातले असो वा बागेतले, ते लागतेच. आपण रात्री शोध घेतलात याबद्दल आदर आहे, परंतु चार इयत्तांच्या वह्या तपासून झाल्यावर तेवढी उमेद रोज राहत नाही.

क्रमाबाबत मी माझ्या मतावर ठाम आहे. पाठ झाल्यानंतर मात्र या पावसाळ्यात एक फांदी वर्गात ठेवीन, आणि दोन्ही इयत्तांना एकत्र बसवीन. गेल्या खेपेस माझ्या बाटलीत अळी पाण्यात पडून मेली होती. आपण ते कसे टाळलेत?

कढीपत्ता

फांदी खोचल्यावर बाटलीचे तोंड कापसाने गच्च बंद करावे. फांदी एक दिवसाआड बदलावी. बदलताना अळी हाताने ओढू नये, ती पायांनी पानाला घट्ट धरून असते. ती बसलेले पानच कात्रीने कापून नव्या फांदीवर ठेवावे, म्हणजे ती आपली आपण सरकते. हे काम माझ्या वर्गात मुलेच करत होती.