'लुकिंग फॉरवर्ड टू'च्या पुढे काय लिहायचं? अनुभव सांगा

शाईपेन: नोकरीचे अर्ज तपासताना शेवटची ओळ पुन्हा तीच: 'आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू'. इथे 'हिअरिंग' हवं. हा 'टू' शब्दयोगी अव्यय आहे, पुढे नाम किंवा आयएनजीवालं रूपच येणार. खूण सोपी आहे. 'टू'नंतर 'दॅट' ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू दॅट' चालतं, म्हणून 'हिअरिंग'. 'आय वॉन्ट टू दॅट' चालत नाही, म्हणून तिथे 'हिअर'. तुम्ही तपासताना काय काय बघता, लिहा.

मुक्ता_के: घोळ 'होप'मुळे होतो. 'आय होप टू हिअर फ्रॉम यू' अगदी बरोबर आहे, आणि तेही पत्राच्या शेवटीच येतं. मग मुलं याचं शेपूट त्याला लावतात. त्यात 'भेटायला' म्हणजे 'टू मीट' हे शाळेपासून पक्कं बसलेलं. नुसता लाल गोल करू नका, दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी लिहून द्या.

गोदाकाठ: +१. 'यूज्ड टू'चंही तेच. 'आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक' म्हणजे पूर्वी राहायचो. 'आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग अलोन' म्हणजे सवय आहे. मध्ये 'ॲम', 'इज' आलं की आयएनजी.

शाईपेन: गोदाकाठ, एवढा सरसकट नियम नको. 'धिस नाइफ इज यूज्ड टू कट ब्रेड' यात 'इज' आहे, तरी 'कट'च. तिथे अर्थ 'वापरतात' असा आहे. 'दॅट' ठेवून बघितलं की लगेच कळतं.

गोदाकाठ: हो, बरोबर. 'ऑब्जेक्ट टू' आणि 'विथ अ व्ह्यू टू' यांनाही आयएनजीच.

अण्णा_सातारा: स्वल्पविरामाचं कुणी बोललं नाही. जुन्या पत्रांत 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू, आय रिमेन, युअर्स फेथफुली' असं सलग वाक्य असे. आता 'आय रिमेन' गेलं, स्वल्पविराम मात्र राहिला. औपचारिक पत्रात सरळ 'आय लुक फॉरवर्ड टू' लिहा आणि शेवटी पूर्णविराम द्या. 'आय ॲम लुकिंग' जरा जवळिकीचं. 'आय ॲम लुक फॉरवर्ड' मात्र कुठेच नको.

मुक्ता_के: अण्णा, छान सांगितलंत! 'अवेटिंग फॉर युअर रिप्लाय'सुद्धा काढून टाका. 'अवेट'ला 'फॉर' लागत नाही, 'वेट'ला लागतं. कुकर झाला, बाकी नंतर.

रानजाई: तक्रारीच्या पत्रात हे वाक्य मला गुळमुळीत वाटतं. तारीख द्यावी: 'प्लीज रिप्लाय बाय 15 जून'. 'टिल' नको, 'बाय'च. आणि सांत्वनाच्या पत्रात 'लुकिंग फॉरवर्ड' अजिबात नको, त्यात आनंदाने वाट बघणं आहे.

चिंचपाणी: 'डिअर सर'ला शेवटी फेथफुली की सिन्सिअरली? भाचीची उद्या परीक्षा आहे.

अण्णा_सातारा: 'डिअर सर'ला फेथफुली. आडनाव घालून 'डिअर मिस्टर अमुक' असेल तर सिन्सिअरली. ही ब्रिटिश रीत. 'युअर्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी नाही, तेवढं तिला बजावून ठेवा.

चिंचपाणी: धन्यवाद अण्णा, लगेच कळवते तिला.