केनियात तीन महिने स्वयंसेवक म्हणून शिकवायला जायचंय. संस्था म्हणते "टुरिस्ट म्हणून या". तयारी कशी करू?

परीक्षानळी

नमस्कार मंडळी. बी.एस्सी., बी.एड. झालंय, परदेश प्रवास पहिलाच. केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, किसुमूजवळ एका छोट्या संस्थेची शाळा आहे. तिथे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत विज्ञान शिकवायचं ठरतंय. आज ऑक्टोबरचा पहिला आठवडा. हातात फक्त पासपोर्ट आहे.

1. संस्थेचे सर म्हणतात, ऑनलाइन पर्यटक परवानगी काढा आणि विमानतळावर विचारलं तर "फिरायला आले" म्हणा. हे चालतं का?
2. लशी कुठल्या, किती आधी? मलेरियाच्या गोळ्या सलग तीन महिने घ्यायच्या?
3. संस्था आठवड्याला 100 डॉलर "कार्यक्रम शुल्क" मागते. रास्त आहे का?
4. शाळेसाठी जुने कपडे आणि वह्या गोळा केल्यात, साधारण 15 किलो. सोबत नेऊ का? मी शाकाहारी आहे.

कागदी_घोडा

पहिल्याचं उत्तर: नाही. जानेवारी 2024 पासून केनियाने व्हिसा बंद करून ईटीए ही ऑनलाइन परवानगी आणली. भारतीयांना ती लागते, शुल्क 30 डॉलरच्या आसपास. पण ती भेटीची परवानगी आहे, कामाची नाही, आणि पगार घेतला नाही म्हणून शिकवणं "काम" ठरत नाही असं तिथे धरत नाहीत. थोड्या मुदतीसाठी "स्पेशल पास" असतो, लांब मुक्कामाला धर्मादाय कामासाठीचं आय वर्गाचं परमिट. तुमच्या तीन महिन्यांना पास पुरेल.

अर्ज यजमान संस्थेने तिथल्या इमिग्रेशनच्या पोर्टलवर करायचा असतो. तुमच्याकडून पासपोर्टची प्रत, फोटो, पदव्यांच्या प्रती आणि कामाचा तपशील जातो. संस्थेला स्वतःच्या नोंदणीचा दाखला जोडावा लागतो, आणि गोम नेमकी इथेच असते. "टुरिस्ट म्हणून या" म्हणणारी संस्था एकतर पासचे पैसे वाचवत असते, नाहीतर तिच्याकडे जोडायला दाखलाच नसतो. तेव्हा आधी नोंदणी क्रमांक मागा. मे 2024 पासून तिथे स्वयंसेवी संस्थांचा नवा कायदा लागू आहे आणि जुन्या एनजीओ मंडळाच्या जागी पब्लिक बेनिफिट ऑर्गनायझेशन्स प्राधिकरण आलंय. क्रमांक मिळाला की प्राधिकरणाकडे पडताळून घ्या. ट्रस्ट म्हणून किंवा थेट शाळा म्हणून नोंदणी असू शकते, तेही चालतं. पण कुठे ना कुठे नाव हवं.

ईटीएच्या नावाने हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट्स आहेत, दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. सरकारी पत्ता "गो डॉट केई"वर संपतो, तेवढं बघून मगच कार्ड काढा.

पोलीस क्लिअरन्स आजच लावा. पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज, शुल्क 500 रुपये. सध्याचा पत्ता पासपोर्टवरच्या पत्त्याहून वेगळा असेल तर पोलीस पडताळणीत जास्त दिवस जातात. संस्थेने मागितलं नसेल तरी काढा. मुलांमध्ये राहायला येणाऱ्या अनोळखी माणसाकडे जी शाळा हा दाखला मागत नाही, ती बाकीच्यांकडेही मागत नसणार, हे मनात ठेवा.

तापमापी

लशींचा हिशेब निघण्याच्या तारखेपासून उलटा मोजायचा असतो, म्हणून क्रमाने सांगतो.

पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर. यात बहुतेकांचा घोळ होतो. भारतातून थेट येणाऱ्याकडे केनिया हा दाखला मागत नाही. मागतो तो आपला देश, तुम्ही परत येताना. वैध दाखला नसेल तर विमानतळावरून घरी न जाता सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस घेतल्यावर 10 दिवसांनी दाखला वैध होतो आणि 2016 पासून तो आयुष्यभर चालतो. लस फक्त अधिकृत केंद्रातच घ्यायची. मुंबईत एअरपोर्ट हेल्थ आणि पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे मिळते. मूळ पासपोर्ट न्या, कारण दाखल्यावर त्याचा क्रमांक येतो. नंतर पासपोर्ट बदलला तर दोन्ही सोबत ठेवा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी सांगा. ही जिवंत लस आहे. गोवर-गालगुंडासारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर त्याच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने.

कावीळ बी: 0, 1 आणि 6 महिने. आज सुरू केलं तर जाण्याआधी दोन डोस होतील, तिसरा परतल्यावर. कावीळ ए: भारतात वाढलेल्या अनेकांना लहानपणीच होऊन गेलेली असते, प्रतिपिंडांची रक्ततपासणी करा, असतील तर लस वाचते. टायफॉइड आणि धनुर्वात बघून घ्या. रेबीज: आधी 0 आणि 7व्या दिवशी असे दोन डोस घेतले असतील, तर कुत्रा चावल्यावर फक्त दोन बूस्टर लागतात, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, शोधत फिरावं लागत नाही. खेड्यात तेच मिळत नाही.

मलेरिया. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी. सरोवराकाठी मात्र वर्षभर मलेरिया, तोही मुख्यतः फाल्सिपेरम हा जिवावर बेतू शकणारा प्रकार, आणि क्लोरोक्विन त्याला लागू पडत नाही. सलग गोळ्या घ्यायच्याच. पर्याय तीन:

- डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ, रोज एक. दोन दिवस आधीपासून, परतल्यावर 28 दिवस. तुमच्या 84 दिवसांना एकूण 114 गोळ्या. स्वस्त.
- ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, रोज एक. दोन दिवस आधीपासून, परतल्यावर फक्त 7 दिवस. एकूण 93. महाग.
- मेफ्लोक्विन, आठवड्याला एक, तीन आठवडे आधी सुरू. नैराश्य, चिंतेचा आजार किंवा फिट्सचा इतिहास असेल तर नकोच.

डॉक्सी घेताना तीन चुका होतात. झोपताना घोटभर पाण्याबरोबर घेतली तर गोळी अन्ननलिकेत अडकून व्रण पडतो. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका. दूध, लोह, कॅल्शियम किंवा अँटासिडबरोबर घेतली तर शोषली जात नाही. आणि उन्हात कातडी भाजते. किसुमू विषुववृत्तावरच आहे, तेव्हा लांब बाह्या आणि टोपी. कुठली गोळी ते डॉक्टरांनी ठरवावं. दिवस गेलेले असतील किंवा शक्यता असेल तर आधी सांगा. गोळ्या चालू असल्या तरी औषध लावलेली मच्छरदाणी हवीच.

सरोवरात पाय बुडवू नका. गोगलगायींमधून बाहेर पडणारा बिलहार्झिया या रोगाचा जंतू कातडीतून शिरतो, त्याला जखम असावी लागत नाही. चुकून पाण्यात गेलात तर परतल्यावर दोन-तीन महिन्यांनी तपासणी, औषध प्राझिक्वान्टेल.

परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "केनियाला जाऊन आले" हे सांगा. व्हायरल समजून दोन दिवस काढणं फाल्सिपेरममध्ये जिवावर बेतू शकतं.

दुकावाला

वरच्या दोघांनी भारी सांगितलंय, पण खरा धोका डासापेक्षा दुचाकीचा. खेड्यात "बोडा-बोडा", म्हणजे भाड्याची मोटरसायकल, हेच वाहन. मागच्याला हेल्मेट मिळालं तर नशीब. आपलं इथूनच न्या, जुने कपडे काढलेत की जागा होते. विमा घेताना दुचाकीवर मागे बसून झालेला अपघात आणि स्वयंसेवी काम हे दोन्ही वगळलेले नाहीत ना ते पॉलिसीत वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. दवाखान्यापर्यंत विमानाने हलवण्याचा खर्चही त्यात हवा.

कपडे नेऊ नका. तिथे "मितुम्बा"चे, म्हणजे परदेशातून गाठोड्यांनी आलेल्या जुन्या कपड्यांचे, बाजारच्या बाजार आहेत. वह्या किसुमूत मिळतात. त्यापेक्षा भिंगं, चुंबक, लिटमस, तांब्याची तार, मूठभर एलईडी न्या, दीड किलोत वर्गभर प्रयोग होतात. रसायनं नकोत. आधी इयत्ता विचारा: नव्या अभ्यासक्रमात सातवी ते नववीला "इंटिग्रेटेड सायन्स" असतं. पहिलं सत्र एप्रिलच्या सुरुवातीला संपतं, तुम्ही त्याआधी निघताय, तेव्हा धडे तसे बेता.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून कडक बंदी आहे. बॅगेतल्या सगळ्या कॅरीबॅग घरी काढून कापडी घ्या, ड्युटी फ्रीची पिशवीही उतरण्याआधी सोडा. प्लग इंग्लंडसारखा, तीन चौकोनी पिनांचा. डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या. जुन्या मालिकेच्या घेत नाहीत. उतरल्यावर पासपोर्ट दाखवून सिम आणि त्यावर एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्या-घेण्याची सोय. भाजीवालीपासून बोडावाल्यापर्यंत सगळे व्यवहार त्यावर.

शाकाहाराची चिंता नको. मक्याच्या पिठाचा घट्ट उकडीसारखा उगाली, सुकुमा विकी ही पालेभाजी, मका-घेवड्याचं गिथेरी, "न्देन्गू" म्हणजे मूग. चपातीला चपातीच म्हणतात. फक्त सरोवराकाठी मासे सर्वत्र, रस्सा कशाचा ते विचारा.

स्वाहिलीत विमा "बिमा", गाडी "गारी", आंबा "एम्बे", लाख "लाकी", दुकान "दुका". पण घड्याळ फसवतं. त्यांचे तास सकाळी सहापासून मोजतात. "सा मोजा" शब्दशः एक वाजता, प्रत्यक्षात सकाळी सात. "सा म्बिली" म्हणजे आठ. सहा तास मिळवायचे. इंग्रजीत बोलतानाही कुणाकुणाची गल्लत होते, तेव्हा बस किंवा बैठकीची वेळ "सकाळी की दुपारी" असं विचारून पक्की करा. किसुमूत लुओ भाषा जास्त. "एरोकामानो" म्हणजे आभारी आहे. एवढ्यानेही चेहरे खुलतात.

कागदी_घोडा

शुल्काचं राहिलं. 100 डॉलरमध्ये खोली, दोन वेळचं जेवण आणि विमानतळावरून नेणं असेल तर लूट म्हणणार नाही. खर्चाची फोड लेखी मागा आणि पैसे संस्थेच्या बँक खात्यातच भरा, सरांच्या वैयक्तिक एम-पेसावर नाही. तुलनेसाठी: संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम आणि व्हीएसओ ही आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्था उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत, उलट निर्वाहभत्ता देतात. पण त्यांच्या निवडीला वेळ लागतो, आणि अनुभवही लागतो.

परीक्षानळी

सर्वांचे आभार. सरांनी नोंदणी क्रमांक दिला आणि पासचा अर्ज करायला तयार झाले, शुल्क मी भरायचं. मात्र बोलताना कळलं की शाळेला जोडून 14 मुलांचं "होम" आहे आणि संध्याकाळी मी तिथे मुलांबरोबर राहावं अशी अपेक्षा आहे.

कागदी_घोडा

शाळा ठीक, होम नको. केनियाने नोव्हेंबर 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली आणि मुलांना नातेवाइकांकडे परत पाठवण्याचं धोरण घेतलंय. अशा होममधल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात; देणगीदार आणि स्वयंसेवक येत राहतात म्हणून मुलंही तिथेच ठेवली जातात. दर तीन महिन्यांनी नवी ताई येते, माया लावते, निघून जाते. मुलांनी ते किती वेळा सोसायचं?

सरांना तीन गोष्टी लेखी विचारा: होम कधीपासून नोंदलेलं आहे, मुलांना घरी परत पाठवण्याचा आराखडा आहे का, आणि तुमचं काम शाळेच्या वेळेपुरतं, राहणं होमच्या आवाराबाहेर, हे मान्य आहे का. तिसऱ्याला नाही आलं तर दुसरी शाळा बघा, ऑक्टोबर आहे, वेळ आहे. हो आलं तरी पास हातात येईपर्यंत तारीख बदलता न येणारं तिकीट काढू नका.

तापमापी

पीतज्वराच्या केंद्राची वेळ मात्र आजच घ्या. ती लस कुठल्याही शाळेला चालते.