थुंकीत टीबी सापडला नाही, तरी एकेटी (टीबीची औषधं) सुरू करायची का?

कोकणकडा
ताप, खोकला, वजन उतरलेलं, एक्स-रेत वरच्या भागात डाग. थुंकी निगेटिव्ह, सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) हीही निगेटिव्ह. तरी 'टीबीच असणार' म्हणून सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो. माझं मत: रुग्ण मधुमेही असेल, भातशेतीत राबणारा असेल आणि दुखणं पावसाळ्यात सुरू झालं असेल, तर कल्चर (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं) न पाठवता एकेटी देऊ नये. मेलिऑइडोसिस हुबेहूब असाच दिसतो. त्याचा जंतू, बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय, ओल्या मातीत नि साचल्या पाण्यात राहतो. जखमेतून किंवा श्वासावाटे शरीरात शिरतो. भारतातला पहिला रुग्ण १९९१ साली मुंबईतूनच नोंदला गेला. मंगळूर-मणिपालकडचे डॉक्टर त्याच्या मागावर असतात, म्हणून तिथे तो सापडतो. तसाच पाऊस, तशीच भातखाचरं सिंधुदुर्गातही आहेत, पण आपल्याकडे तो 'दुर्मीळ'!

तालुक्याचा डॉक्टर
लिहायला सोपं आहे. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे पाव भारतात आहेत. खोकणारा माणूस आला की आधी टीबी आठवणार, आणि आठवायलाच हवा. थुंकीत जंतू कमी असले तर सीबीनॅटमधूनही निसटतात. मी कल्चरची वाट बघत बसलो आणि टीबीच निघाला, तर तोवर घरातल्या पोरांना लागण झालेली असते. सरकारी कार्यक्रमात क्लिनिकल निदानाला (लक्षणं आणि एक्स-रेवरून डॉक्टरने ठरवण्याला) जागा ठेवलीय ती उगाच नाही.

कोकणकडा
थांबा कुठे म्हणतोय? पहिली गोळी द्यायच्या आधी थुंकी आणि रक्त पाठवा, इतकंच.

पेट्रीडिश
पाठवलं की काम झालं, हाही गोड गैरसमज. थुंकीतले तोंडाचे जंतू साध्या प्लेटवर एवढे माजतात की हा त्यात दिसतही नाही. त्याला ॲशडाउनसारखं निवडक माध्यम लागतं. रक्तातून वाढला तरी बऱ्याचदा 'सुडोमोनास' या दुसऱ्याच जंतूच्या नावाने रिपोर्ट जातो. जंतू ओळखणारं मशीनसुद्धा कधी कधी त्याला सेपेशिया (त्याचाच एक भाऊबंद) ठरवतं. ऑक्सिडेज चाचणीत पॉझिटिव्ह, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिक्सना न जुमानणारा, पण को-ॲमॉक्सिक्लॅव्हला दबणारा जंतू दिसला की मी थबकते. टीबीसारखाच दिसणारा आजार करणाऱ्या नोकार्डिया या दुसऱ्या जंतूची तऱ्हा आणखी वेगळी: सावकाश वाढतो, दोन दिवसांत प्लेट टाकून दिली की हातचा गेला. म्हणून फॉर्मवर 'मधुमेही, भातशेती, मेलिऑइडोसिसची शंका' एवढं तरी लिहा हो. आमच्याकडे येतात त्यांवर नुसतं 'ताप' असतं. (तेही वाचता आलं तर.)

वाडीकर
माझ्या मामाला एकेटीवर महिना काढावा लागला. ताप हटेना, तर 'औषध लागू पडायला वेळ लागतो' हेच उत्तर. शेवटी सोनोग्राफीत प्लीहेत गळू दिसलं, त्यातला पू तपासला तेव्हा कळलं. मग दोन आठवडे शिरेतून सेफ्टाझिडीम, पुढे तीन महिने को-ट्रायमोक्साझोल. आता बरा आहे, पण गरज नसताना घेतलेल्या टीबीच्या गोळ्यांनी कावीळ झाली ती वेगळीच.

रोखठोक
टीबीच्या गोळ्या सरकार देतं. मेलिऑइडोसिसवरच्या मेरोपेनेम इंजेक्शनचं बिल कोण भरणार? तुम्ही?

पेट्रीडिश
@रोखठोक, आयसीयूचं बिल त्याहून मोठं असतं. आणि तीन महिन्यांच्या को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या स्वस्त आहेत.

तालुक्याचा डॉक्टर
वाडीकर, वाईट वाटलं. पण निगेटिव्ह रिपोर्टवर एकेटी दिली आणि दोन आठवड्यांत माणूस जेवायला लागला, असे किस्से इथे कोणी लिहीत नाही. ते मी रोज बघतो. सरसकट कल्चर मी करणार नाही. मधुमेही आहे आणि पंधरा दिवसांत ताप उतरला नाही, तर रक्त पाठवीन, फॉर्मवर शंकाही लिहीन.

कोकणकडा
पंधरा दिवस? रक्तात पसरलेला मेलिऑइडोसिस दोन दिवसांत माणूस नेतो.

तालुक्याचा डॉक्टर
इतक्या झपाट्याने ढासळणाऱ्याला मी एकेटी देऊन घरी पाठवीन असं वाटतं का? तो त्याच रात्री ॲम्ब्युलन्सने जिल्ह्याला जातो. आपला वाद महिनोन्महिने खोकणाऱ्यांबद्दल चाललाय.